ज्यू आईच्या दिवसातले थांबे: रोजच्या धावपळीत भान आणि आनंद कसा सापडतो

ध्यानाची ॲप, सजगतेचे ऑनलाइन वर्ग, पहाटे पाचला उठून लिहायच्या वह्या असं बरंच काही हल्ली तरुण आयांना सुचवलं जातं. जिला सकाळी डबे भरायचे आहेत, सासूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या आहेत आणि वेळेवर लोकल गाठायची आहे, तिच्या डोक्यावर हे आणखी एक काम होऊन बसतं. ते जमलं नाही की वर रुखरुख. आपल्या बेने इस्राएली (कोकणातल्या मराठी ज्यू) घरांतल्या मुली मला याबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना सांगते की नवं काही जोडू नका. ज्यू आईच्या दिवसात थांबायच्या जागा आधीच ठरलेल्या आहेत. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मुलं निजेपर्यंत त्या येत राहतात आणि आपण त्यांच्यावरून धावत पुढे जातो. त्या जागी खरोखर कसं थांबायचं, ते इथे पायरी-पायरीने लिहिलं आहे.

कोकणातल्या गावांत आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ते घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. कित्येक पिढ्या त्यांच्यापाशी तोराची (ज्यू धर्मग्रंथाची) पोथी नव्हती, रब्बी (धर्मगुरू) नव्हते, हिब्रू जवळजवळ विसरली होती. उरला होता शेमा (देव एकच आहे, ही मूळ प्रार्थना), आठव्या दिवशीची सुंता, शब्बाथ (शनिवारचा विसावा) आणि खाण्यापिण्याचे नियम. परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी, की दावीद राहाबी नावाचे ज्यू धर्मपंडित कोकणात आले तेव्हा ही माणसं खरोखर ज्यू आहेत का हे पाहायला त्यांनी बायकांपुढे सगळ्या तऱ्हेचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला सारले. तेवढ्यावर राहाबींची खात्री पटली. आपल्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. अख्ख्या समाजाची ओळख पटली ती मासे निवडणाऱ्या बायकांच्या लक्षावरून. आईची साधना कुठे चालते असं कुणी विचारलं, तर मी याच गोष्टीकडे बोट दाखवते.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. ठरावीक वेळेला करायच्या बऱ्याच मित्झवांमधून (धर्माज्ञांमधून) हलाखाने, म्हणजे ज्यू धर्मनियमांनी, स्त्रियांना सूट दिलेली आहे. तान्हं बाळ अंगावर असताना सिनेगॉगला (प्रार्थनाघरात) जाता आलं नाही, पूर्ण सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) म्हणता आला नाही, म्हणून तुमचं काही चुकलेलं नाही. खाली लिहिलेलं सगळं एकदम करायचं नाही. एक पायरी घ्या, ती अंगवळणी पडू द्या, मग दुसरी.

पायरी १: फोनला हात लावायच्या आधी बारा शब्द

जाग आल्याबरोबर, अंथरुणातच म्हणायचं वाक्य आहे ते. पुरुष ‘मोदे’ म्हणतात, आपण ‘मोदा’:

मोदा आनी लेफानेखा, मेलेख हाय वेकायाम, शेहेहेझर्ता बी निश्माती बेहेम्ला, राब्बा एमुनाथेखा.

तू जिवंत आणि चिरंतन राजा आहेस, माझा जीव तू दयेने मला परत दिलास, म्हणून तुझे आभार मानते. तुझा विश्वास थोर आहे. हिब्रूत हे बारा शब्द होतात. यात देवाचं नाव नाही, त्यामुळे हात धुवायच्या आधीही म्हणता येतं. ज्या कुणी हे रचलं त्यांनी झोपेतून उठणाऱ्या माणसाची अडचण बरोबर ओळखली होती.

करायचं असं: मोबाइल पलंगापासून दूर चार्जिंगला लावा. गजर हवा असेल तर साधं घड्याळ आणा. जाग आली की डोळे मिटलेले असतानाच वाक्य म्हणा, शेवटच्या दोन शब्दांच्या आधी एक श्वास घ्या. ‘तुझा विश्वास थोर आहे’ म्हणजे देवाचा आपल्यावरचा विश्वास, असा अर्थ पुष्कळ जण लावतात. आजचा दिवस माझ्या हाती सोपवण्याएवढा त्याचा माझ्यावर भरवसा आहे, हे रात्रभर बाळाने झोपू न दिलेल्या आईने सकाळी ऐकणं फार गरजेचं असतं.

मग हात धुणं. तांब्या किंवा दोन कानांचं भांडं भरून आदल्या रात्रीच मोरीत ठेवा. आधी उजव्या हातावर, मग डाव्या, असं आळीपाळीने प्रत्येकी तीनदा पाणी ओतायचं. नळाखाली धुतलं की क्षणात उरकतं. तांब्याने ओतलं की पाण्याचा गारवा कळतो. बाळाचे हातही त्यात धरा. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची सुरुवात कळायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

पायरी २: ओट्यापाशी

कोशेर (खाण्याचे धर्मनियम पाळणारं) स्वयंपाकघर म्हणजे नुसती नियमांची यादी असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखाद्या सकाळी अंडी फोडून पाहावीत. आपल्याकडे अंडं सरळ तव्यावर किंवा भांड्यातल्या इतर अंड्यांवर फोडत नाहीत. एकेक अंडं आधी काचेच्या वाटीत फोडायचं, वाटी उजेडाकडे धरायची, रक्ताचा ठिपका आहे का पाहायचं, मग मोठ्या भांड्यात ओतायचं. चार अंडी म्हणजे चारदा थांबणं. पिवळ्या बलकाभोवतीचा तो पारदर्शक थर, त्यातला पांढुरका दोरा, वाटीच्या काठावरून घसरताना होणारा हलका आवाज, हे सगळं त्या काही सेकंदांत दिसतं आणि ऐकू येतं. तुम्ही हे आजवर करत आला असालच. आता करताना तेवढंच करा. वाटी हातात असताना व्हॉट्सॲप नको, मुलाच्या गृहपाठाची चौकशी नको.

पालेभाजीचंही तसंच. किडा खायचा नाही, म्हणून मेथी, पालक, कोथिंबीर, फ्लॉवर सगळं मिठाच्या पाण्यात भिजवून, पान न् पान उजेडात बघून घ्यायचं असतं. हे काम गुरुवारी रात्री टीव्हीसमोर उरकण्याऐवजी मुलांना घेऊन टेबलावर बसा. एका जुडीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मुलं आपणहून बोलतात. हात गुंतलेले असले आणि आई समोर टक लावून बघत नसली, की शाळेतल्या खऱ्या गोष्टी बाहेर येतात.

आता बराखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी छोटी ओळ. तालमुदात (रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात) रब्बी मेईर म्हणतात की माणसाने रोज १०० बराखा म्हणाव्यात. हा आकडा ऐकून घाबरू नका. नियमित तेफिला (प्रार्थना) करणाऱ्याच्या त्या आपोआप होत जातात. आपण तिनांपासून सुरुवात करू: सकाळचा चहा, एक फळ, दुपारचं जेवण.

चहा-पाण्याला ‘शेहाकोल’. झाडाच्या फळाला ‘बोरे पेरी हाएत्स’, जमिनीतून येणाऱ्याला ‘बोरे पेरी हाअदामा’. चिकू, आंबा, नारळ झाडाचे. केळं मात्र जमिनीचं, कारण केळीचा खांब घड देऊन मरतो आणि बुंध्यातून नवा फुटतो. त्याला झाड धरत नाहीत. अननसही जमिनीचाच. मुलांना हा प्रश्न रोज विचारा: हे कुठून आलं? उत्तर शोधायला त्यांना क्षणभर फळाकडे पाहावं लागतं, आणि तेवढ्यासाठीच तर बराखा आहे. फोडी केलेलं फळ डब्यात भरण्याऐवजी कधीतरी अख्खं फळ हातात द्या.

बराखा म्हणायची पद्धत: वस्तू उजव्या हातात घ्या, तिच्याकडे बघा, सावकाश म्हणा, लगेच एक घास घ्या, आणि तो गिळेपर्यंत दुसरं काही बोलू नका. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात फळ देणारा.

हंगामातलं पहिलं फळ खाताना ‘शेहेहेयानू’ म्हणतात, म्हणजे ‘आम्हांला जिवंत ठेवून, सांभाळून या वेळेपर्यंत आणलंस’. कोकणी माणसाला याचा अर्थ समजावावा लागत नाही. हापूसची पहिली पेटी घरी आली की लगेच कापू नका. सगळे घरी येईपर्यंत थांबा. पेंढा बाजूला करा, आंबा प्रत्येकाच्या नाकापाशी न्या, मग दोन्ही बराखा म्हणा आणि कापा. वर्षातून एकदाच हे करायचं असतं, म्हणून मुलं वर्षभर लक्षात ठेवतात. जांभळं, करवंदं, फणस, सगळ्यांना हेच लागू.

वासालाही बराखा आहे, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. मोगऱ्याच्या गजऱ्याला ‘बोरे अत्से बेसामीम’. विजेला, मेघगर्जनेला आणि इंद्रधनुष्यालाही आहे. मृगाचा पहिला गडगडाट झाला की आपण कपडे काढायला गच्चीवर धावतो. धावा, पण जिन्यावर ती एक ओळ म्हणून.

पायरी ३: स्वतःच्या शब्दांत, मराठीत

संदेष्टा शमुएलची आई हन्ना शिलोच्या मंदिरात उभी राहून मुलासाठी रडत प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिथले कोहेन (याजक) एली यांना वाटलं ही बाई दारू प्यायली आहे. हन्नाने त्यांना शांतपणे सांगितलं, मी माझं मन हाशेमपुढे (देवापुढे) ओतते आहे. पुढे आमच्या ज्ञानी लोकांनी मोठ्या प्रार्थनेचे, म्हणजे अमिदाचे, नियम ठरवले ते हिच्यावरून: ओठ हलवायचे, आवाज मनापुरता ठेवायचा. म्हणजे सगळे पुरुष सिनेगॉगमध्ये रोज जी अमिदा म्हणतात, तिची रीत एका आईने घालून दिली.

बाराव्या शतकातले धर्मपंडित रांबाम म्हणतात की रोज प्रार्थना करणं ही तोराची आज्ञा आहे, पण तिचे शब्द आणि संख्या तोराने ठरवलेली नाही. स्तुती, मागणं आणि आभार, हे तीन भाग हवेत. मूल कडेवर असलेल्या बाईला हे तीन वाक्यांत जमतं:

‘हे हाशेम, तू सगळं सांभाळतोस. आज धाकट्याचा ताप उतरू दे. काल रात्री शेजारीण धावून आली, तिच्याबद्दल तुझे आभार.’

एवढं पुरतं. मागणं नेमकं ठेवा. ‘सगळ्यांचं भलं कर’ हे वाक्य जिभेवरून सहज निसटतं. ‘थोरलीला गणिताची भीती वाटते, ती जाऊ दे’ म्हणताना ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहते.

ज्यांना याहून जास्त हवं असेल त्यांच्यासाठी ब्रेस्लोवच्या रब्बी नाहमान (१७७२–१८१०) यांची रीत आहे. ते आपल्या लोकांना सांगत की रोज एकटं बसा आणि देवाशी आपल्या घरच्या भाषेत बोला, मित्राशी बोलावं तसं. त्यांच्या लोकांची घरची भाषा यिद्दिश होती, आपली मराठी आहे. ते तासभर सांगत. तुम्ही दहा मिनिटं धरा. जागा ठरवा: गच्ची, बाल्कनी, मुलाला शाळेत सोडून परतताना बागेतला बाक. बोलायचं मात्र तोंडाने, हळू आवाजात का होईना, कारण मनातल्या मनात बोलणं पाचव्या वाक्याला वाण्याच्या यादीकडे वळतं. बोलायला काही सुचलं नाही तर ‘मला काही सुचत नाहीये’ हेच त्याला सांगा. रडू आलं तर येऊ द्या. आनंदी राहणं ही मोठी मित्झवा आहे, असं शिकवणारे हेच रब्बी, आणि स्वतः खोल उदासीच्या काळांतून गेलेले. म्हणून त्यांच्या शब्दावर माझा विश्वास बसतो.

पायरी ४: संताप चढतो तेव्हा

संध्याकाळी सात ते नऊ हा घरातला अवघड काळ. यासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटलेली पद्धत पोलंडमधल्या प्यासेझ्नोच्या रेब्बेंची आहे, रब्बी कलोनिमुस कलमान शापिरा यांची. वॉर्सा घेट्टोत ते लोकांना शिकवत राहिले. १९४३ मध्ये नाझींनी त्यांना मारलं. मन शांत करायची त्यांची रीत ‘हश्काता’ म्हणून ओळखली जाते. तिचे टप्पे आईच्या सोयीने असे:

१. दोन मिनिटं बाजूला व्हा. मूल सुरक्षित आहे एवढं पाहा आणि दुसऱ्या खोलीत जा.
२. घड्याळाच्या काट्याकडे किंवा एखाद्या स्थिर वस्तूकडे पाहत बसा. मनात येणारे विचार थांबवू नका, त्यांच्याशी वादही घालू नका. फक्त बघा: हा आला, हा गेला. बघितलं जात आहे म्हटल्यावर त्यांचा वेग आपोआप मंदावतो.
३. मन जरा निवळलं की श्रद्धेचं एक वचन म्हणा. शेमाची पहिली ओळ पुरे.
४. मग एकच गुण मागा. या क्षणी लागणारा: धीर, किंवा मऊ आवाज.

शेवटी ते तेहिलीम (स्तोत्रसंग्रह) ८६ मधली ‘तुझा मार्ग मला शिकव’ ही ओळ चालीवर गुणगुणत. चाल येत नसली तर आपल्या जुन्या मराठी कीर्तनातली कुठलीही घ्या.

दाराच्या चौकटीवरचा मेझुझाही (शेमाचा लेख ठेवलेली डबी) याच कामी येतो. बाहेरून घरात शिरताना हात लावून बोटं ओठांना लावायची आपली सवय आहे. हात तिथे असेपर्यंत पाय उचलायचा नाही, एवढाच बदल करा. ऑफिसातला ताण त्या चौकटीशी एकदा जाणवला, तरी तो मुलांवर निघायचं प्रमाण कमी होतं.

एकोणिसाव्या शतकात लिथुआनियात रब्बी इस्राएल सालांतर यांनी मुसारची चळवळ उभी केली, स्वभाव घडवण्याची शिस्त. तिच्यातला एक प्रकार घरात चालण्यासारखा आहे: तेरा गुण निवडायचे, आठवड्याला एक, म्हणजे वर्षात प्रत्येकाची चार वेळा पाळी येते. फ्रिजवर त्या आठवड्याचा गुण लिहा. रोज रात्री एकच ओळ टिपा: आज कुठे जमलं. जे जमलं नाही ते लिहायला मी नव्या आयांना सांगत नाही. ती यादी त्यांच्या मनात तशीही असते.

पायरी ५: शुक्रवार

सगळा आठवडा ज्याच्यासाठी, तो हा. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण शब्बाथ आनंदाचा होतो की दमणुकीचा, हे शुक्रवारच्या सूर्यास्ताच्या आधी ठरून गेलेलं असतं.

वेळेपासून सुरुवात करू. दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायची सर्वसाधारण रीत आहे. मुंबई-ठाण्यात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सातवीसच्या सुमारास. म्हणजे थंडीत पावणेसहाच्या आत दिवा लागायला हवा. नोकरी करत असाल तर नोव्हेंबर ते जानेवारीच्या शुक्रवारांचं ऑफिसात दिवाळीच्या आधीच बोलून ठेवा: सकाळी लवकर येईन, तीनला निघेन. दर आठवड्याला परवानगी मागत बसलात तर शुक्रवारचा निम्मा जीव त्यातच जातो.

बुधवारी बेत ठरवा, आणि तो छोटा ठेवा. एक मुख्य पदार्थ, एक भाजी, भात, एक गोड. मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून आपल्या आज्यांनी सगळं गोडधोड नारळाच्या दुधावर बसवलं. तेच सोपं पडतं. गुरुवारी रात्री किद्दूशच्या (पेला हातात घेऊन शब्बाथचं स्वागत करणाऱ्या बराखेच्या) शरबतासाठी मनुका भिजत घाला. एक वाटी काळ्या मनुका दोन-तीन पाण्यांतून धुवा, दोन वाट्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत त्या टपोऱ्या फुगतात आणि पाणी चहासारखं होतं. त्याच पाण्यात मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा, गार होऊ द्या, मग मुलांना कुस्करायला बसवा. स्वच्छ मलमलीत घालून पिळताना आधी पातळ धार येते, मग दाट, जांभळट-काळी. बोटं चिकट होतात, घरभर गोडसर वास राहतो. बाटलीतला द्राक्षरस मिळतो हे मला ठाऊक आहे. तरी हे काम मुलांच्या हातून काढून घेऊ नका. किद्दूशच्या पेल्यात त्यांनी स्वतः पिळलेलं शरबत असलं, की शेवटच्या शब्दापर्यंत ती टेबलाशी उभी राहतात.

दिवे लावायच्या अर्धा तास आधी काम थांबवा. उरलेलं तसंच राहू द्या. न पुसलेल्या ओट्याने शब्बाथ बिघडत नाही. धापा टाकत दिव्यापाशी पोचलेल्या आईने बिघडतो. अंघोळ करा, धुतलेली साडी किंवा ड्रेस घाला, गजरा असेल तर माळा. सगळे फोन एका खणात ठेवा, तुमचा सगळ्यात आधी.

आपल्या जुन्या घरांत काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात, असा दिवा असायचा. मेणबत्त्या चालतात, पण तेलाचा दिवा एकदा लावून बघा. ज्योत पाण्यात दिसते आणि मुलं तिच्याकडे बघत राहतात. दिवे लावा, हातांनी उजेड तीनदा आपल्याकडे ओढा, डोळे झाका, बराखा म्हणा. बराखा आधी की ज्योत आधी, हे तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे.

आता मुख्य गोष्ट. बराखा संपली तरी हात लगेच काढू नका. तळव्यांआडचा तो अंधार पूर्ण आपला आहे. त्या वेळी आईला कुणी हाक मारत नाही, मुलांनाही ते कळतं. एकेका मुलाचं नाव घ्या, त्याचा चेहरा येईपर्यंत थांबा, त्याच्यासाठी एक गोष्ट मागा, मग पुढचं नाव. नवऱ्याचं, आईवडिलांचं. शेवटी स्वतःचं. स्वतःचं नाव बऱ्याच जणी वगळतात. वगळू नका.

जेवणाआधी मुलांच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून आशीर्वाद द्यायचा. मुलग्यांना एफ्राईम आणि मनाश्शेसारखं होण्याचा, मुलींना सारा, रिव्का, राहेल आणि लेआसारखं होण्याचा, मग कोहेनांच्या आशीर्वादाच्या तीन ओळी. त्यानंतर कानात एक वाक्य सांगा: या आठवड्यात मी तुला अमुक करताना पाहिलं. ‘तू हुशार आहेस’ नको. ‘सोमवारी आजीला चष्मा शोधून दिलास, न सांगता’ असं हवं. प्रत्येक मुलासाठी शुक्रवारी एक खरी गोष्ट हाताशी हवी म्हणून आठवडाभर तुमचं लक्ष त्यांच्या चांगल्या वागण्याकडे जाऊ लागतं. वांड मुलाच्या बाबतीत तर याने घरातलं वारंच बदलतं.

सगळा शब्बाथ पाळायची तुमच्या घरची पद्धत नसेल, किंवा शनिवारी शाळा-ऑफिस असेल, तर दिवे लागल्यापासून जेवण संपेपर्यंतचा वेळ पूर्ण पाळा. दोन-अडीच तास. त्यात फोन नाही, हिशोब नाही, परीक्षेचा विषय नाही. ते पक्कं झालं की शनिवार दुपारपर्यंत न्या.

पायरी ६: हाव्दाला

हाव्दाला म्हणजे शब्बाथला निरोप. शनिवारी तीन तारे दिसले की शरबताचा पेला, लवंग-दालचिनीची डबी आणि एकत्र जोडलेल्या वातींची ज्योत. डबी हातोहात फिरवा आणि प्रत्येकाला पुरेसा वेळ वास घेऊ द्या. मग बोटं ज्योतीकडे धरून नखांवरचा उजेड बघायचा. पाच-सात मिनिटांचं काम आहे. ते झाल्याशिवाय फोनचा खण उघडायचा नाही, एवढा नियम ठेवा.

पायरी ७: महिना आणि वर्ष

रोश होदेश, म्हणजे नव्या चंद्राचा पहिला दिवस, परंपरेने बायकांचा मानला आहे. त्या दिवशी जड काम टाळायची त्यांची जुनी रीत. अमावास्येच्या आसपास तो येतो. त्या दिवशी कपडे धुणं, इस्त्री, कपाटं लावणं बंद, आणि दोन-तीन मैत्रिणींबरोबर चहा. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

मलिदा हा आभाराचा विधी आपला स्वतःचा. पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा. भोवती पाच फळं, सब्जाची किंवा गुलाबाची पानं. एलियाहू हानाबीची (संदेष्टा एलियाची) गाणी. आणि मग एकेका जिनसेची बराखा, एकेक करून. एरवी एका घासात चारपाच गोष्टी खातो तिथे इथे प्रत्येकीचं वेगळं नाव घ्यावं लागतं. लग्न, बारसं, नवस, नवं घर यांसाठीच मलिदा ठेवू नका. मुलाचा दात पडला, आजोबा इस्पितळातून घरी आले, एवढं कारण पुरे. तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या सणाला, जानेवारी-फेब्रुवारीत, जमलं तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला मुलांना न्या. एलियाहू हानाबींच्या रथाच्या खुणा तिथल्या खडकावर आहेत, अशी आपल्या लोकांची श्रद्धा आहे.

पेसाह सणाच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ रात्री ओमेर मोजायचा असतो, म्हणजे शावुओथ सणापर्यंतचे दिवस. मुलांना झोपवताना मोजा आणि त्या दिवसातली एक चांगली गोष्ट कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. शावुओथपर्यंत कॅलेंडर भरून जातं.

आनंद येतच नसेल तर

बाळंतपणानंतर किंवा एरवीही दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येत असेल, झोप उडाली असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर वरची एकही पायरी त्याचं औषध नाही. डॉक्टरांकडे जा. भारतात सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरावर आहे, मराठीतही बोलता येतं. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडावा लागला तर तो मोडायचाच, ही हलाखाची आज्ञा आहे. बाळंतिणीला पहिले तीन दिवस योम किप्पुरचा (प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) उपास करायलाही मनाई आहे. मनाच्या आजाराला उपचार घेणं श्रद्धेच्या आड येत नाही; तुमच्या रब्बींना किंवा हझानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारा, तेही हेच सांगतील. सासरच्यांना पटत नसेल तर त्यांचं मन वळेपर्यंत थांबू नका.

एकट्या पडलेल्या घरांसाठी

पेण, रोहा, अलिबागकडे आता कुठे कुठे एखाददुसरंच ज्यू घर उरलं आहे. इस्राएलला नवीन गेलेल्या मुलींना आणखी वेगळा एकटेपणा भेटतो. आजूबाजूला सगळे ज्यू, पण बिरडं म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नाही. दोघींनाही मी एकच काम सांगते. शुक्रवारी दुपारी, दिवे लावायच्या तासभर आधी, आपल्यातल्या एका बाईला फोन करायचा. दर आठवड्याला तीच वेळ. ‘शब्बाथ शालोम’ म्हणायचं, काय रांधलंस विचारायचं, आणि तिच्या मुलांची नावं विचारून घ्यायची, म्हणजे दिव्यापुढे डोळे झाकल्यावर आपल्या मुलांबरोबर तीही घेता येतील. महिन्यातून एकदा दोन घरांनी एकत्र जेवायचं. जिच्याकडे जेवण तिने भात आणि शरबत करायचं, दुसरीने कालवण घेऊन सूर्यास्ताच्या आधी पोचायचं.